समोशाची पाटी

(दृश्य: नागपूर, पहाट. बंद शटर. हातगाडी ढकलणारे हात.)

सकाळी साडेपाचला या रस्त्यावर दोनच जण जागे असतात: पेपरचे गठ्ठे सोडणारी पोरं आणि हे गाडीवाले काका.

(दृश्य: परातीत मैदा.)

मैद्यात ओवा, मीठ आणि मोहन. मोहन पुरलं की नाही ते मूठ सांगते. पीठ मुठीत दाबायचं, मुटका वळून टिकला तर बरोबर. पाणी बेतानं, कारण पीठ घट्टच हवं. सैल झालं तर पारीला फोड येतात आणि समोसा तेल पितो. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास.

पारी लांबट लाटायची, मधोमध कापायची, अर्ध्या भागाचा द्रोण करायचा. आत आलू, हिरवी मिरची, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी इडली शोधू नये.

(दृश्य: कढई. समोसे तेलात सोडताना, अगदी जवळून.)

तेल कडकडीत नको. समोसा आधी तळाशी बसतो, मग सावकाश वर येतो. घाई केली की वरून लाल, आतून कच्चा.

या कढईलाही कायदा आहे. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात ‘पोलर’ संयुगं वाढत जातात. ती 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल तळणीला वापरायचं नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. मोजायला मीटर मिळतो. काकांकडे नाही. ते फेस बघतात, वास घेतात.

(मूळ आवाज, गाडीवाले काका: “तेल काळं पडलं त् गिऱ्हाईक उद्या येत नाही भाऊ. मले पाटीची काय गरज? माही कढई उघडीच हाये.”)

(दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं.)

पाटीचा विषय निघाला जुलै 2025 मध्ये. समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा येणार, आणि त्यात नाव नागपूरच्या एम्सचं! गावभर हसू, चिडचिड, विनोद. आम्ही काय खायचं ते दिल्ली ठरवणार का, हा सवाल घरोघरी.

मुळात 21 जूनला केंद्रीय आरोग्य सचिवांचं एक पत्र निघालं होतं. सरकारी कार्यालयांत, कॅन्टीनमध्ये, बैठकीच्या खोल्यांत तेल आणि साखरेचे फलक लावा. लेटरहेड, लिफाफे, वह्या यांवरही आरोग्याचा संदेश छापा. म्हणजे सरकारला सगळ्यात आधी आपला लिफाफा बारीक करायचा होता! शाळांसाठी साखरेच्या फलकाची सूचना सीबीएसईनं मे महिन्यातच दिली होती. गाड्यांवरच्या पदार्थांना इशाऱ्याचं लेबल नाही, भारतीय पदार्थ वेगळे काढलेले नाहीत, असा खुलासा 15 जुलैला आला. तोवर समोसा बदनाम होऊन गेला होता.

(दृश्य: किराणा दुकान. दारावर लटकणाऱ्या पाकिटांच्या लडी, वाऱ्यानं हलताना.)

आता हे पाहा. समोर पिवळा, लाल, चकचकीत रंग. मागे, जिथं पाकीट चिकटवलंय त्या शिवणीपाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत साखर, मीठ, चरबी. आकडे 100 ग्रॅमचे. पाकीट त्याच्या चौथाईएवढंही नाही.

खाणारा स्वतः ठरवेल, हे आम्हालाही मान्य. पण ठरवायला आधी वाचता तर यावं.

चिलीनं 2016 मध्ये हे सोपं केलं. पाकिटाच्या तोंडावरच काळा अष्टकोन: साखर जास्त, मीठ जास्त. घ्यायचं तर घ्या, बंदी नाही. आपल्याकडे सप्टेंबर 2022 मध्ये अशा लेबलच्या नियमांचा मसुदा आला तो ताऱ्यांचा, अर्ध्यापासून पाचपर्यंत. इशारा द्यायचा तिथं गुण! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयानं पाकिटावरच्या लेबलबद्दल शिफारशी ठरवायला तीन महिन्यांची मुदत दिली. जुलैत ती वाढवून मिळाली, त्याच जुलैत ज्यात समोसा गाजत होता. आणि 22 सप्टेंबरला बिस्किटं, चॉकलेट, नमकीन यांवरचा जीएसटी उतरून 5 टक्के झाला. गोड फसफसत्या पेयांवर मात्र 40.

(दृश्य: शाळेचं फाटक. सुटलेली मुलं.)

महाराष्ट्रानं मे 2017 मध्येच शाळांच्या कॅन्टीनमधून जंक फूड हद्दपार केलं, कागदावर. केंद्राच्या नियमानुसार जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. या फाटकापासून आम्ही पावलं मोजली. लडी लटकलेलं दुकान चाळिसाव्या पावलाला.

(दृश्य: औषधांच्या दुकानापुढची रांग.)

देशात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त रुग्ण आहेत, असं आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो.

(दृश्य: एक मुलगा पाकीट उलटून बघतो, डोळ्यांजवळ नेतो, फाडतो. चार सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य: पुन्हा गाडी. ऊन चढलंय.)

साडेदहा. शेवटचा घाणा निघाला. काका आच बंद करतात, तेल निवू देतात, फडक्यातून गाळून डब्यात ओततात. उद्या हेच का, ते आम्ही विचारलं नाही. त्यांनी झाकण लावलं.