नाकवाली टाटा आणि दहा-सातचा मिक्सर

[दृश्य: वाडी, अमरावती रोड. गॅरेजचं आवार, सकाळचं ऊन. कॅमेरा ट्रकच्या पुढच्या जाळीवर.]

ही वाडी. नागपुरातून अमरावती रोडनं बाहेर पडलं की ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, टायरची दुकानं, वजनकाटे आणि गॅरेजं सुरू होतात. त्यांच्यातलंच हे एक आवार. कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या या टाटाला लांब नाक आहे, दोन गोल दिवे आहेत आणि जाळीच्या मधोमध एक गोल रिकामी जागा आहे. तिथं तीन टोकांची चांदणी होती.

ती चांदणी मर्सिडीज-बेंझची. १९५४ साली टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला, चांदणी उतरली आणि तिच्या जागी टाटाचा ‘टी’ बसला. ट्रक म्हटलं की आपल्याकडच्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर जे तोंड येतं, ते या पंधरा वर्षांत घडलेलं आहे.

रविवारी इथं काही माणसं जमतात. एक निवृत्त ड्रायव्हर, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. एक डिझेल मिस्त्री. लकडगंजातले एक बॉडी बांधणारे काका. एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, ते अर्थातच ‘साहेब’. आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा, जो पुठ्ठ्याचे आणि लाकडाचे हुबेहूब ट्रक बनवतो. जुन्या मोटारींचे शौकीन खूप असतात. हे शौकीन मात्र ओझं वाहणाऱ्या गाड्यांचे आहेत.

[दृश्य: बोनेट उघडतं. मिस्त्रींचे हात. इंजिनाचं हेड काढलेलं.]

“उस्ताद, हे ६९२ हाय का ६९७?”

“चालू असतं तर आवाजावरून सांगितलं असतं ना बे. बंद इंजिनाचं काय सांगू?”

प्रश्न साधा वाटतो, पण इथं त्यावर तासभर बोलणं होतं. टाटाच्या या इंजिनांचं नाव म्हणजेच त्यांचं माप. पहिला आकडा सहा, म्हणजे सहा सिलिंडर. पुढचे दोन आकडे सिलिंडरच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. ६९२ मध्ये व्यास ९२, ६९७ मध्ये ९७. फरक पाच मिलिमीटरचा, पण सहा सिलिंडर आणि वाढलेला स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, धरली की इंजिन ४.८ लिटरवरून ५.७ लिटरच्या घरात जातं. ६९७ नं मग अनेक वर्षं ट्रकही ओढले आणि एस.टी.च्या लाल गाड्याही. मिस्त्री माप घ्यायचं व्हर्निअर आत घालतात. ९२, आणि वर थोडी झीज. उस्तादांनी रेडिएटरकडे बघून आधीच तसं म्हटलं होतं, हे कॅमेरा सुरू होण्याआधीचं.

गाडीच्या नावातही असाच हिशेब आहे. १६१३ म्हणजे सोळा टन एकूण वजनाची आणि १३० अश्वशक्तीच्या घरातली गाडी. २५१८ म्हणजे पंचवीस टन आणि १८०. हे कळलं की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रक आपली ओळख सांगत जातो. कॉलेजातल्या त्या मुलानं हे इथंच ऐकलं, कुठल्याही वर्गात नाही.

[दृश्य: आवाराच्या दुसऱ्या टोकाला जुना लेलँड. उस्ताद दरवाजा उघडून चढतात.]

उस्ताद मात्र लेलँडवाले. १९४८ मध्ये रघुनंदन सरन यांनी मद्रासजवळ एन्नोरला अशोक मोटर्स काढली, इंग्लंडची लेलँड मोटर्स आली तेव्हा १९५५ मध्ये तिची अशोक लेलँड झाली. कॉमेट हा तिचा नावाजलेला ट्रक. नागपूरकरांना लेलँड आपली वाटते, कारण भंडाऱ्याजवळ गडेगावला तिचा कारखाना आहे आणि तिथं गिअरबॉक्स बनतात. ऐंशीच्या दशकापासून या भागातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. पॉवर स्टेअरिंग नसलेली ही गाडी भरलेली असताना जागच्या जागी वळवायला उस्ताद सीटवरून अर्धे उठायचे. ते कसं, हे त्यांनी आत्ता करून दाखवलं. पंच्याहत्तरीतले खांदे बघा.

[दृश्य: लकडगंज. आरा मशीन. सागाच्या फळ्या.]

लकडगंज. नागपूरचा लाकूडबाजार. आज ट्रक कारखान्यातून केबिनसकट येतो. तेव्हा यायची ती नुसती चेसिस: इंजिन, चाकं, स्टेअरिंग आणि समोर एक पत्रा. जमशेदपूरहून नागपूर म्हणजे हजार किलोमीटरच्या आसपास. ड्रायव्हर फळीच्या सीटवर बसून, तोंडाला गमछा गुंडाळून, वारा-पाऊस अंगावर घेत ती चेसिस आणायचा. त्यापुढचा ट्रक इथं जन्माला यायचा.

काकांच्या हातात पट्टी आहे, पण माप ते आधी डोळ्यानं घेतात. चेसिसवर आधी आडवे लाकडी तुळे टाकायचे, ते लोखंडी पट्ट्यांनी आवळायचे, मग फळ्या. बाजूचे आणि मागचा फाळका, म्हणजे फळ्यांची भिंत, बिजागरीवर, म्हणजे माल उतरवताना खाली पडतो. लाकूड साग, कारण भार पडला की साग वाकतो, परत सरळ होतो आणि पावसात लवकर कुजत नाही. गाडी कशासाठी आहे हे आधी विचारायचं. काटोल-नरखेडची संत्री कळमन्याला न्यायची असतील तर फाळके उंच आणि मध्ये हवेला फट. कन्हानची रेती भरायची असेल तर फट चालत नाही, रेती रस्ताभर सांडते. खाणीवरची गाडी असेल तर खाली लोखंडी पत्रा. एकाच कंपनीच्या दोन चेसिस लकडगंजातून दोन वेगळ्या गाड्या होऊन निघायच्या. आणि नंतर पेंटर. मोर, कमळ, मालकाच्या मुलांची नावं, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’. त्या अक्षरांचा वळसा बघा, ब्रश कुठंही उचललेला नाही.

आता केबिन कारखान्याची. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत दगडी कोळसा वाहणाऱ्या ड्रायव्हरसाठी हे फार आधी व्हायला हवं होतं. काकांकडे आता दुरुस्तीचंच काम येतं.

[दृश्य: पुन्हा आवार. ताडपत्री ओढली जाते. खाली मिक्सर मशीन.]

आणि हा साहेबांचा लाडका. काँक्रीट कालवायचा मिक्सर, दहा-सात.

दहा-सात म्हणजे दहा घनफूट कोरडा माल आत, सात घनफूट ओला माल बाहेर. सिमेंट, रेती, गिट्टी एकमेकांच्या फटींत बसतात, पाणी पडतं आणि माल आक्रसतो. पुढे मानक संस्थेनं मिक्सरची मापं लिटरमध्ये मोजायला लावली, तेव्हा २०० लिटरचं मशीन ठरलं. सात घनफूट म्हणजे १९८ लिटर. माप बदललं, मशीन तेच राहिलं.

बांधकामावर हिशेब गोणीचा. एक गोणी सिमेंट म्हणजे पस्तीस लिटर. एकास दोन रेती आणि चार गिट्टी धरली तर तिन्ही मिळून साडेआठ घनफुटांच्या आसपास भरतं, म्हणजे एका गोणीची खेप या पोटात बरोबर मावते. साहेब म्हणतात, ज्यानं हे माप ठरवलं त्यानं गोणी समोर ठेवूनच ठरवलं असणार.

[दृश्य: बेसा. घराच्या स्लॅबचं काम. दहा-सात चालू.]

बेसा भागातला एका घराचा स्लॅब. हँडल मारलं की डिझेल इंजिन धडधडतं. हॉपर, म्हणजे माल भरायचं मोठं सूप, जमिनीला टेकलेला असतो, त्यात गिट्टी, रेती, सिमेंट पडतं. ऑपरेटर लिव्हर ओढतो, तारेचा दोर ताणला जातो, हॉपर वर चढतो आणि माल ड्रममध्ये रिकामा होतो. पाणी वरच्या टाकीतून. नियम किमान दोन मिनिटं फिरवण्याचा आहे, आणि चांगला ऑपरेटर घड्याळ बघत नाही, ड्रमच्या आतल्या पात्यांवरून पडणाऱ्या मालाचा आवाज ऐकतो. गिट्टीचा खणखणाट बसला आणि आवाज जड झाला की माल तयार. मग मोठं चाक फिरवून ड्रम कलता करायचा. घमेली. हातोहात, शिडीवरून वर. रेजांची, म्हणजे बाईमजुरांची, रांग.

यातल्या बऱ्याच जणी छत्तीसगडहून आलेल्या आहेत.

[दृश्य: रेजांचे चेहरे. आवाज फक्त इंजिनाचा. वीस सेकंद निवेदन नाही.]

[दृश्य: शहराबाहेरचा आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटचा, प्लांट. ट्रान्झिट मिक्सर रांगेत.]

आणि हे आजचं. ट्रान्झिट मिक्सर. अमेरिकेत स्टीफन स्टेपानियन यांनी १९१६ मध्ये चालत्या ट्रकवर काँक्रीट फिरवण्याच्या यंत्राचा पेटंट-अर्ज केला, तेव्हा ट्रकला हे वजन पेलणार नाही म्हणून तो फेटाळला गेला. भारतात तयार काँक्रीटचा धंदा नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात रुजला, मग इकडे आला.

सहा घनमीटर काँक्रीट. वजन चौदा टनांच्या वर. दहा-सातच्या काठोकाठ भरलेल्या तीस खेपा एका ड्रममध्ये. आत नांगराच्या फाळासारखी वळत गेलेली पाती आहेत. ड्रम एका दिशेनं फिरला की पाती माल आत ओढतात, उलटा फिरला की तीच पाती माल बाहेर आणतात. झाकण नाही, दार नाही. दिशा बदलणं हेच दार. जुन्या मिक्सरना ड्रम फिरवायला मागे वेगळं छोटं इंजिन असायचं. आता ट्रकच्याच इंजिनावरून हायड्रॉलिक पंप चालतो. कॉलेजातल्या आमच्या त्या मुलानं हा ड्रम पुठ्ठ्यात करताना पाती आठ वेळा मोडली आणि शेवटी प्लांटवर येऊन, रिकाम्या ड्रममध्ये डोकावून वळण समजून घेतलं.

काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत उतरायला हवं, असं मानक सांगतं. नागपूरच्या उन्हाळ्यात हे दोन तास फार लहान होतात. म्हणून ड्रमला ओलं बारदान गुंडाळलेलं दिसतं, पाण्यात बर्फ टाकतात, माल उशिरा जमावा म्हणून रसायन घालतात आणि मोठी कामं रात्री काढतात. या काँक्रीटमध्ये कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राखही असते. ती सिमेंटची काही जागा घेते आणि मालाची उष्णता कमी करते. ड्रायव्हरला रस्ता अडला तर घाम येतो तो गरमीचा नाही.

[दृश्य: वर्धा रोड, डबल डेकर पूल. खालून वाहतूक.]

वर्धा रोडवर एकाच खांबावर खाली महामार्गाचा पूल, वर मेट्रो. ३.१४ किलोमीटर. गिनीज बुकात नोंद झाली, फोटो छापून आले. फोटोत पूल होता. हा सगळा माल रात्रीच्या रात्री आणणारी गाडी कुठल्याच फोटोत नव्हती, म्हणून आम्ही ती इथं दाखवतोय.

माल ड्रममध्येच जमला तर माणूस आत उतरून हातोड्यानं, ब्रेकरनं तो फोडतो. धूळ, आवाज, अंधार. या गाड्या आल्या तसं रेजांचं काम शहरात कमी झालं, दहा-सात गावांकडे सरकला.

[दृश्य: आवार. टाटाच्या दरवाजावरचा हिरवा रंग, जवळून.]

२०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात जपलेली, तिला वेगळी नोंदणी आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. चांगला नियम आहे. पण तो दुचाकींना आणि खासगी वापराच्या मोटारींना आहे. ट्रक त्यात बसत नाही. ज्या मोटारीतून एक कुटुंब फिरायला गेलं ती वारसा ठरते. ज्या ट्रकनं धरणाचं सिमेंट, शाळेच्या विटा आणि बाजाराची संत्री वाहिली त्याला वारसा म्हणायची कागदावर सोयच नाही. त्याला भंगाराचा भाव मिळतो, तोही किलोवर. मिक्सर मशीनचं तर नावही निघत नाही.

इथल्या मंडळींची मागणी मोठी नाही. मालवाहू गाडी त्या नियमात यावी. रस्त्यावर माल वाहायला नको, फक्त नोंद राहावी, आणि ती सुटी करून विकली जाऊ नये.

[दृश्य: खड्डे खणलेले. दहा-सातचं इंजिन सुरू होतं. माल पडतो.]

तोवर त्यांनी आपलं काम सुरू केलंय. टाटाची चाकं मातीत रुतत होती, म्हणून चार चाकांखाली चार काँक्रीटचे ओटे. माल कशात बनवायचा यावर चर्चाच झाली नाही. साहेबांनी घमेली मोजली, उस्तादांनी पाणी धरलं, मिस्त्रींनी हँडल मारलं. माल पातळ होतोय म्हणून साहेब उस्तादांवर ओरडले, तेही आम्ही ठेवलंय.

उन्हाळा आहे, म्हणून ओट्यांवर दहा दिवस पाणी मारायचं आहे. त्यानंतर गाडी वर चढेल. फाळक्यांच्या फळ्या लकडगंजात चिरून तयार आहेत. हेड परत बसवायचं आहे, गॅस्केट आलंय. स्टार्टर मोटर अजून मिळालेली नाही. ६९२ ची स्टार्टर कुणाच्या गोदामात, शेतातल्या खोलीत पडून असेल, बंद असली तरी, ती भंगारात देऊ नका. वाडीत आणा. दुरुस्तीचं मिस्त्री बघतील.