मोगिवा: पोलादाच्या सावलीतलं गाव

समोर दिसणारं हे टेकाड माणसांनी रचलेलं आहे. उंची साधारण 14 मीटर. परदेशी राजपुत्राशी लग्न नको म्हणून विस्तुला नदीत उडी घेणाऱ्या राजकन्या वांदाची ही समाधी, अशी दंतकथा. माथ्यावरचा गरुड मात्र एकोणिसाव्या शतकातला, चित्रकार यान मातेय्को यांच्या कल्पनेतला.

हे मोगिवा. पोलंडमधल्या क्राकोव शहराच्या पूर्वेला, नदीकाठच्या कसदार जमिनीवर वसलेलं. तेराव्या शतकात बिशप इवो ओद्रोवाँझ यांनी इथे सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ आणला आणि गाव मठाच्या मालकीचं झालं. राबायचं गावकऱ्यांनी, धान्य मठाच्या कोठारात. मठाचं मोठं चर्च साधूंचं. गावकऱ्यांसाठी समोरच हे लाकडी चर्च. याच्या दारापाशी जरा थांबूया. चौकटीवर नक्षी आहे, 1466 हे साल आहे आणि सुताराचं नावही: माचेय मोंच्का. बिशपांची नावं कागदोपत्री राहतातच. सुताराचं राहिलं, हे विशेष.

त्यानंतर कित्येक पिढ्या शेतीतच गेल्या.

1949 साली मात्र या शिवारात मोजणीदार उतरले. साम्यवादी सरकारला इथे प्रचंड पोलाद कारखाना आणि कामगारांचं नवं शहर हवं होतं: नोवा हुता. कोळसा सिलेसिया प्रांतातला, खनिज सोव्हिएत संघातून. शेतकऱ्यांच्या पदरात पडलेली भरपाई तुटपुंजीच. दोन वर्षांत नोवा हुता क्राकोवमध्ये सामील झालं, 1954 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, कारखान्याला लेनिनचं नाव मिळालं.

या आदर्श शहराच्या आराखड्यात चर्च नव्हतं. पण राहायला आलेले बहुतेक जण खेड्यांतलेच, श्रद्धाळू. रविवारी ते प्रार्थनेला कुठे जाणार? आसपासच्या गावांतल्या जुन्या चर्चमध्ये. मोगिवाचा मठ गजबजू लागला. 1960 मध्ये, नोवा हुतात नंतर ठरलेल्या चर्चच्या जागेवरचा क्रूस हटवायला माणसं आली, तेव्हा आधी बायका आडव्या आल्या आणि मग दंगलच पेटली. नवं चर्च उभं राहायला 1977 उजाडलं. दोन वर्षांनी पोप जॉन पॉल दुसरे मायदेशी आले. सरकारने त्यांना नोवा हुताच्या त्या नव्या चर्चमध्ये जाऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी प्रार्थना घेतली ती मोगिवाच्या मठापाशी. सरकारची ही खेळी अंगाशी आली, असंच म्हणावं लागेल.

कारखान्यावरचं लेनिनचं नाव 1990 मध्ये गेलं. 2020 मध्ये झोतभट्टीही कायमची थंडावली. मठात साधू अजून आहेत, सप्टेंबरात पवित्र क्रूसाच्या सणाला भाविकांची रीघ लागते. सरकारी दप्तरात मात्र मोगिवा आता क्राकोवच्या 18व्या प्रभागात मोडतं. त्या प्रभागाचं नाव, नोवा हुता.