काउंटीची सरासरी

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या उत्तरेकडील कोसूथ काउंटी घ्या. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. राज्यातील 99 काउंट्यांमध्ये क्षेत्रफळाने ही सर्वांत मोठी. येथे साधारण मैलामैलावर रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि मधल्या 640 एकरांच्या चौकोनांत मका आणि सोयाबीन यांचा फेरपालट चालतो.

पेरण्या आटोपल्या की जुलैच्या मध्यापर्यंत शेतकऱ्याला केंद्रीय कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात पीकपेरा नोंदवावा लागतो. टेबलावर त्याच्या जमिनीचे हवाई छायाचित्र असते, प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, आणि कोणत्या तुकड्यात काय पेरले ते तो एकेक करून सांगतो. गंमत अशी की, पिकांचे मुख्य अनुदान या पेऱ्यावर ठरतच नाही. ते ठरते ‘बेस एकरां’वर, म्हणजे कायद्याने नेमून दिलेल्या मागील वर्षांत त्या जमिनीवर कोणते पीक किती होते, यावरून बांधलेल्या नोंदीवर. ही नोंद जमिनीला चिकटलेली असते आणि जमीन विकली की सहसा खरेदीदाराकडे जाते. मक्याचा बेस असलेल्या शेतात आज सोयाबीन उभे असले, तरी हिशेब मक्याचाच होतो.

2014 च्या कायद्याने दरवर्षी ठरावीक थेट रक्कम देणे बंद केले आणि मुख्यतः दोन योजना पुढे ठेवल्या. पीएलसी (प्राइस लॉस कव्हरेज) या भावातील घसरणीच्या योजनेत देशातील सरासरी बाजारभाव कायद्याने ठरवलेल्या संदर्भभावाखाली गेला की फरक मिळतो. एआरसी (अ‍ॅग्रिकल्चर रिस्क कव्हरेज) या उत्पन्नातील तुटीच्या योजनेच्या काउंटी प्रकारात मात्र भाव आणि उतारा या दोन्हींची मागील पाच वर्षांची आकडेवारी घेतात, सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आकडा गाळतात आणि उरलेल्यांच्या सरासरीवरून एकरी अपेक्षित उत्पन्न काढतात. समजा, ते 800 डॉलर आले. 2018 च्या कायद्यानुसार हमी त्याच्या 86 टक्के, म्हणजे 688 डॉलर. काउंटीचे प्रत्यक्ष उत्पन्न 640 वर थांबले, तर एकरी 48 डॉलरची तूट बेस एकरांपैकी 85 टक्क्यांवर मोजतात. शंभर बेस एकरांमागे 4,080 डॉलर होतात. 2025 च्या कायद्याने ही हमी 90 टक्क्यांवर नेली.

ग्यानबाची मेख आहे ती ‘काउंटीचे’ या शब्दात. गारपिटीने एखाद्याचे शेत झोडपले, पण काउंटीची सरासरी चांगली राहिली, तर या योजनेतून त्याला दमडीही मिळत नाही. त्यासाठी पीकविमा वेगळा काढावा लागतो. महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगांवर अडलेली भरपाई पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे दुखणे नवे वाटणार नाही. स्वतःच्या शेताच्या हिशेबावर चालणारा एक पर्याय तेथे आहे, पण त्यात 65 टक्केच बेस एकर धरले जातात.

चीनशी व्यापारयुद्ध पेटल्यावर 2019 मध्ये दिलेल्या विशेष मदतीत तर बहुतेक शेतपिकांसाठी प्रत्येक काउंटीला एकच दर ठरला होता, एकरी 15 पासून 150 डॉलरपर्यंत. त्यामुळे सीमेच्या रस्त्यापलीकडे तेच पीक घेणाऱ्याच्या हाती वेगळी रक्कम पडू शकत होती.

एआरसीचे पैसे येतात तेही पुढच्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरनंतर. तोवर शेतात नवे सोयाबीन काढणीला आलेले असते आणि खात्यात जमा होते ती गेल्या हंगामाची तूट.