भाकरीचा हिशेब आणि गावाची उधारी

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या उकाड्यात आलेल्या सगळ्या मंडळींनो,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'स्थानिक महिला उद्योजक आणि शासकीय योजना'. निवृत्त बँक अधिकारी म्हटलं की योजनांवरच बोलायला लावतात. बोलणार आहे. पण आधी दहा मिनिटं मला भाकरीवर बोलू द्या. या दहाची चाळीस होतात हे आमच्या घरात माहीत आहे, म्हणूनच आमचे हे मागे दाराजवळची खुर्ची धरून बसलेत.

त्याआधी एक प्रश्न. हात वर करायचे, लाजायचं नाही. ब्लाउजची शिलाई द्यायची राहिलीय अशा किती जणी आहेत इथे? तीन. चौथा हात अर्धाच वर आहे, तोही धरते. पुरुष मंडळी हसताहेत. गेल्या महिन्याचे डब्याचे पैसे दिलेत का हो सगळ्यांनी? बघा, हसू थांबलं. मी तरी कुठली शहाणी? कोपऱ्यावरच्या शिवणवालीचे ३६० रुपये मी दोन महिने ठेवले होते. पैसे नव्हते असं नाही, पेन्शन वेळेवर येते. विसरले. विजेचं बिल मात्र आजवर एकदाही विसरलेले नाही, कारण तिथे वायर तोडतात. शिवणवाली काय तोडणार?

तर भाकरी. आमच्या मागच्या बोळात एक जण भाकऱ्या करून हायवेवरच्या एका हॉटेलला देते. पहाटे चारला तिच्याकडे भाकरी थापल्याचा आवाज सुरू होतो. माझं अलार्मचं घड्याळ मी केव्हाच काढून टाकलंय. दीड वर्षापूर्वी एका दुपारी ती भिंतीवरचं कॅलेंडरच खिळ्यावरून काढून घेऊन माझ्याकडे आली. आपण दुधाचे खाडे लिहितो ना, तसं तारखेच्या चौकोनात हॉटेलला दिलेल्या भाकऱ्यांचा आकडा. ८०, ८०, ८०, रविवारी १२०, संकष्टीला ४०. म्हणाली, "काकू, दिवसभर राबती, पण हातात काय उरंना. बँकेचं लोन मिळवून द्या."

मी म्हटलं, लोनचं नंतर, आधी बस. चहा ठेवला आणि कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायला घेतलं. ज्वारी ४८ रुपये किलो, दळणाचे ६, म्हणजे ५४. किलोच्या किती होतात? "अकरा. बारा केल्या तर पातळ व्हत्यात, गिऱ्हाईक बोंबलतं." म्हणजे पिठाचे धरा ५ रुपये. गॅस आणि बांधायचा कागद मिळून १. भाकरीला खर्च ६ रुपये, हॉटेलला देते ९ ला. तीन सुटले. ऐंशी भाकऱ्यांचे २४०.

आणि तुझी मजुरी?

"माझी कसली मजुरी? घरातच असती की मी."

पीठ चाळण्यापासून काठवट धुऊन उभी करेपर्यंत पाच तास जातात. ते २४० रुपये म्हणजेच तिची मजुरी, नफा शून्य. त्या वेळी आमच्याकडे खुरपणीला बाईला ३०० मिळत होते. म्हणजे उद्योजिका झाल्यामुळे रोजचे ६० रुपये कमी!

पण खरी मेख पुढे आहे. मी विचारलं, हॉटेलवाला पैसे कधी देतो? ती कॅलेंडरकडे बघायला लागली. बावीस दिवसांचे यायचे होते. सण-उपास सोडून रोजच्या ८० धरल्या तरी १,७६० भाकऱ्यांचे १५,८४० रुपये. मग ज्वारी कशावर आणतेस? "गटातनं धा हजार उचलल्यात." बचत गटाचा व्याजदर महिन्याला २ टक्के. महिन्याला २०० रुपये व्याज.

बँकेत तीस वर्षं काढली मी, पण असा व्यवहार माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. ती बाई गटाकडून व्याजानं पैसे उचलते आणि हायवेवरच्या हॉटेलला बिनव्याजी खेळतं भांडवल पुरवते. आणि माझ्याकडे येऊन म्हणते, मला कर्ज द्या! अगं, तूच तर कर्ज देतेयस.

हॉटेलवाला वाईट नाही हो. मी गेले त्याच्याकडे. चहा पाजला, वर आम्लेटही. पण मटणवाल्याला रोख, सिलिंडरला रोख, आणि भाकरीवालीला "वहिनी, शनिवारी बघू." कुठला शनिवार ते सांगत नाही.

आम्ही त्याला भाव सांगितला ११ आणि पैसे दर आठवड्याला. त्यानं दुसरी बाई धरली, ८ रुपयांनी, उधारीवर. आमची चार दिवस रडली, माझ्याशीही बोलली नाही. मग दोन खाणावळी मिळाल्या, पन्नास भाकऱ्या, ११ रुपये, रोख. भाकरीमागे ५ सुटतात, म्हणजे २५०. तीस भाकऱ्या कमी थापून दहा रुपये जास्त, आणि हल्ली तो आवाज साडेपाचला सुरू होतो. मला परत घड्याळ लावावं लागलं. (हशा) जुनी बाकी पाच हप्त्यांत आली. वरचे ८४० अजून यायचेत.

ती ८ रुपयांनी देणारी दुसरी बाई? ती देतेच आहे अजून. तिचं काय करायचं हे मला सुटलेलं नाही, उगाच सुटलंय म्हणणार नाही.

ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या आठवा. गिरणी कामगार महिनाभर जेवणार आणि पगार झाला की पैसे देणार. तोवर बाई वाण्याकडून उधार आणणार, तो चढा भाव आणि व्याज लावणार. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते नेमकं या फटीत. या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि वाण्याच्या वहीतून सोडवलं. स्वयंपाक शिकवायचं शिबिर नाही घेतलं! त्यांना कोण शिकवणार होतं?

लिज्जतचंही तेच. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने, पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड. हे सगळ्यांना पाठ आहे, दर महिला दिनाला कुणीतरी सांगतंच. पण त्यांनी देणगी घ्यायची नाही असं ठरवलं होतं, पापड लाटून आणले की वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, हातात, आणि वितरकानं माल उचलताना पैसे मोजायचे, हे भाषणात कुणी सांगत नाही. उधारीवर पापड दिला असता तर आज तो जिरे-मिऱ्याचा पापड आपल्या ताटात नसता, असं माझं मत आहे.

आता माझं एक जुनं दुखणं. बायकांना मदत करायची म्हटलं की आपण काय करतो? प्रशिक्षण. आणि कशाचं? फिनाईल आणि मेणबत्त्यांचं. एका गावात मी तीस जणींना एकाच आठवड्यात फिनाईल शिकताना पाहिलंय. गाव बाराशे वस्तीचं. किती फरशा आहेत तिथे? शेणानं सारवलेली घरं वजा करून सांगा. नाहीतर मग शिलाई मशीन वाटप. स्टेजवर मशीन, मशीनमागे बाई, बाईमागे अकरा पुढारी, फोटोत बाई शोधावी लागते. त्यातल्या एका मशीनवर आता टीव्ही ठेवलाय, वर क्रोशाचा रुमाल. बाईला शिवता येत नव्हतं असं नाही, शिवलेल्याचे पैसे येत नव्हते.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर तर घासाघीस आपणच करतो. मॉलमध्ये छापील किमतीला मान खाली घालतो आणि कुरडयांच्या पाकिटाला, "घरचंच आहे ना, दहा कमी कर." घरचं म्हणजे फुकटचं असं कुठल्या शाळेत शिकवतात?

म्हसवड इथून लांब नाही. तिथे चेतना सिन्हा आणि माणदेशातल्या बायकांनी महिला बँक काढायची म्हटलं, तर पहिला अर्ज नाकारला गेला. कारण सभासद निरक्षर, अंगठे उठवलेले. बायका साक्षरतेच्या वर्गात बसल्या, पुन्हा गेल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुमची माणसं कॅल्क्युलेटरशिवाय काढतात का बघू. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. मी बँकेतली असून सांगते, तोंडी व्याज मला येत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अध्यक्ष सौम्य माणूस आहेत, सातच म्हणते.

तर योजना. लिहून घ्या, भरभर सांगते. पहिलं, उद्यम नोंदणी, म्हणजे आपल्या छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद. जुलै २०२० पासून आहे, सरकारी संकेतस्थळावर, फुकट. कुणी हजार रुपये मागितले तर उठून यायचं. दुसरं, खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी, लहान धंद्याला फी अगदी किरकोळ. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. तिसरं, मुद्रा. त्यातलं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत, तारण लागत नाही. बँकवाला तारण मागायला लागला तर, मी त्याच खात्यातली म्हणून सांगते, लेखी मागा. बहुधा मागणं बंद होतं. चौथं, सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, २०२० ची. यंत्रसामग्रीला ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि बचत गटातल्या अन्न प्रक्रिया करणाऱ्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल. ती अजून चालू आहे का, ते उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, तालुका कक्षात विचारा.

आणि ज्यासाठी इतका वेळ घेतला ते. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात असं आहे की उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. ट्रेडिंगवाल्यांना हे लागू नाही, स्वतः माल बनवणाऱ्यांना किंवा सेवा देणाऱ्यांना आहे. भाकरी थापणं म्हणजे माल बनवणंच. फक्त बिल हवं. कॅलेंडर चालणार नाही. दहा रुपयांचं बिलबुक, दोन प्रती, घेणाऱ्याची सही. नोंदणी आधी, माल नंतर, हा क्रम चुकवू नका.

घंटा झाली. ज्यांना उद्यमचा फॉर्म भरायचाय त्यांनी उद्या अकराला इथेच खाली वाचन कक्षात या, मी बसलेली असेन. आधार, पॅन, पासबुक आणा. आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा, ओटीपी त्यावरच येतो. तो नवऱ्याच्या खिशात असेल तर नवऱ्यालाही घेऊन या.