पहिला थर जमिनीवर नको

श्रोतेहो, नमस्कार.

कुणाची कंबर धरली की आपल्याकडे आधी त्या माणसाचीच चौकशी होते. वाकडातिकडा वाकला असशील, पोट सुटलंय, व्यायाम नाही, आता वय झालं. नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, पावणे या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कामगारांना मी फिजिओथेरपी देते, आणि आज मला चौकशी करायची आहे ती त्यांच्या कामाच्या जागेची.

पॅकिंग खात्यातला हेल्पर डोळ्यांसमोर आणा. कन्व्हेयरवरून पंधरा किलोचा खोका येतो. तो उचलायचा, कमरेतून वळायचं आणि मागे जमिनीवर ठेवलेल्या लाकडी पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या बुटक्या फळीवर, लावायचा. पहिला थर लावताना तो पार घोट्यापर्यंत वाकतो. पलीकडच्या कोपऱ्यातला खोका बसवताना हात पुढे ताणले जातात, कारण पॅलेटभोवती फिरायला जागाच नसते. थर चढतील तसं वाकणं कमी होतं, तर शेवटचा थर खांद्याच्या वर जातो. पॅलेट भरलं, हँडट्रॉलीने नेलं, रिकामं आलं, की पुन्हा जमिनीपासून सुरुवात. पाळीत असे तीनशे खोके धरा. साडेचार टन माल झाला! शिवाय दर वेळी वाकून उठताना डोकं, हात आणि धड, म्हणजे शरीराचं निम्म्याहून जास्त वजन, कंबरच वर ओढते. हात रिकामे असले तरीही.

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने वजन उचलण्याचं एक सूत्र १९९१ साली सुधारून मांडलं. ओझं अंगालगत, साधारण पाऊण मीटर उंचीवर, पकड चांगली, वळायचं नाही, उचलायचंही अधूनमधून, असं सगळं जुळून आलं तरी त्यात मर्यादा २३ किलोच धरली आहे. तेच ओझं घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे असेल, तर मर्यादा निम्म्यावर येते. साडेअकरा किलो. वाकणं, वळणं आणि मिनिटाला किती खोके, यांनी ती आणखी खाली येते. पाण्याने भरलेला तांब्या आधी छातीशी धरा, मग हात सरळ लांब करून धरा. मी काय म्हणते ते लगेच कळेल.

म्हणून कंपनीतल्या सुपरवायझर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. भरायच्या पॅलेटखाली दोन-तीन रिकामी पॅलेटं नीट बसवून रचा, पहिला थर गुडघ्याजवळ येईल. वरचा एक थर कमी करा. पॅलेटच्या चारी बाजूंनी फिरायला वाट ठेवा, म्हणजे माणूस कमरेतून वळण्याऐवजी पाय टाकून वळेल. दर दोन तासांनी कामाची अदलाबदल करा. याला फार खर्च नाही. पुढे जमलं तर उंची बदलणारं लिफ्ट टेबल घ्या. इजा होईल इतकं जड ओझं कामगाराला उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३४ मध्येच लिहिलं होतं. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, हे कलम ४४ मध्ये. तरी पॅकिंगवरच्या कितीतरी बायका अख्खी पाळी उभ्या असतात, आणि बाजूला एक स्टूल नसतं. मला याचा फार राग येतो.

कंबरेचे पट्टे वाटून हे सुटत नाही. मोठ्या दुकानांमध्ये माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांचा अभ्यास नायॉशनेच केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा बांधणारे आणि न बांधणारे, दोघांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही.

आता ज्यांची कंबर आधीच दुखते त्यांच्यासाठी. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मणक्यांमधली चकती सरकल्याचं किंवा फुगल्याचं दिसलं की लोक म्हणतात, ‘मणक्यात गॅप आलाय’, आणि धीर सोडतात. १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ५२ टक्के लोकांची एखादी तरी चकती फुगलेली होती. तेव्हा रिपोर्ट वाचून अंथरूण धरू नका. उसण भरली तर एखाद-दोन दिवस जपा, मग सोसेल तसं चालायला लागा. पडून राहिल्याने कंबर लवकर बरी होत नाही. रोज ड्युटीआधी वेदनाशामक गोळी घ्यायची सवय मात्र मोडा, पोटाला आणि मूत्रपिंडाला ती महागात पडते.

काही लक्षणं दिसली तर मात्र वाट पाहायची नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तरीही डॉक्टरांना लवकर दाखवा.

खाडा पडेल म्हणून अनेक जण दुखणं अंगावर काढतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना, ठेकेदाराकडच्या कामगारांनासुद्धा, ईएसआयसी, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू असते. वर्गणीचे ७८ दिवस भरलेले असतील, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी ईएसआयसीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला पहिल्याच दिवशी घ्या, आणि पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का, ते या महिन्यातच तपासा.

नमस्कार.