जखम मनगटाला, निर्णय मानेपाशी

संक्रांतीत मांज्याने मनगट चिरलेला एखादा मुलगा डॉक्टरांकडे येतो. रक्तवाहिनी वाचलेली असते, पण बोटांना स्पर्श कळवणारा मज्जातंतू तुटलेला असतो. सर्जन तो सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून जोडतात. बोटं तरीही बधिरच राहतात. काही आठवड्यांनी डॉक्टर त्याच्या तळहातावर टिचक्या मारत पुढे सरकतात आणि विचारतात, "इथे झिणझिण्या येतात का रे?" आल्या, तर तंतू तिथवर वाढत आला. दर महिन्याला ती जागा साधारण तीन सेंटिमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे रोज सुमारे १ मिलिमीटर. या तपासणीचं मला अजूनही अप्रूप वाटतं. बोटाच्या टिचकीने आपण पेशीची वाढ मोजत असतो!

ज्या पेशीचा हा तंतू, ती मात्र मनगटात नाहीच. तिचं केंद्रक, तिची सगळी जनुकं मानेच्या मणक्यांलगतच्या एका छोट्या गाठीत आहेत. हातभर लांब काय घडलं, हे तिला कळतं कसं? तंतू तुटताच आत कॅल्शियम घुसतं. तुटल्या जागीच काही प्रथिनं तयार होतात; इम्पॉर्टिन त्यांतलं एक. डायनिन नावाचं प्रथिन हा निरोप ओढत केंद्रकाकडे नेतं. तिथे जून आणि एटीएफ३ ही जनुकं जागी होतात. त्यांना मी मुकादम म्हणतो, कारण ती इतर शेकडो जनुकांना कामाला लावतात. स्पर्शाच्या बातम्या पोचवायचं रोजचं काम मागे पडतं आणि बांधकाम सुरू होतं.

आता याच पेशीची दुसरी फांदी पाहा, ती मज्जारज्जूत शिरते. ती तोडली, तर ही जनुकं फारशी हलत नाहीत आणि तंतू वाढत नाही. पेशी तीच, जनुकं तीच! १९९९ साली उंदरांच्या जातीच्या मोठ्या प्राण्यांत, घुशीसारख्या प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये, असं दिसलं की आधी पायाकडची फांदी दुखावली, तर नंतर तोडलेली मज्जारज्जूतली फांदीही जखमेच्या पलीकडे वाढते. बाहेरच्या जखमेने पेशी आधीच बांधकामाला लागलेली होती.

कुणी विचारेल, तंतू तुटलाच नाही, नुसतं त्यावरचं मायलिन, म्हणजे चरबीयुक्त वेष्टण, गेलं तर? मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात नेमकं हेच घडतं. मायलिनच्या दोन तुकड्यांमधल्या उघड्या गाठींवर सोडियमच्या वाहिन्या दाटीने बसलेल्या असतात आणि संदेश गाठीगाठीवरून उड्या घेत जातो. वेष्टण गेलं की वाहिन्या उघड्या तंतूभर पसरतात. संदेश कसाबसा जातो, पण आत शिरलेलं सोडियम उपसायला ऊर्जा फार लागते. ती पुरली नाही की कॅल्शियम साचतं आणि तंतूच खचू लागतो.

आणि इथेही जखमेची खबर केंद्रकाला देणारा तोच गजर वाजतो. डीएलके नावाचं एक प्रथिन तो वाजवतं. सूक्ष्म गोलकृमीत ते नसेल, तर तुटलेला तंतू पुन्हा वाढत नाही. उंदराच्या दृष्टिमज्जातंतूला इजा झाल्यावर मात्र तेच प्रथिन डोळ्यांतल्या पेशींना मरणाकडे ढकलतं. ते काढलं, तर पेशी तगतात. म्हणजे एकच गजर कुठे गवंडी बोलावतो, तर कुठे घर पाडायला लावतो. हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

मग गजरच बंद करावा का? डीएलके रोखणारं औषध एएलएसच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. दुष्परिणामांमुळे ते थांबवावं लागलं. म्हणून मला मायलिन पुन्हा चढवायची दुसरी वाट अधिक आशेची वाटते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात, मायलिन पुन्हा चढलं नाही तिथे डीएलकेमुळे पेशी मेल्या. चढलं तिथे गजर शांत झाला आणि पेशी वाचल्या. मायलिन चढवणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी प्रौढ मेंदूतही असतात. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या जुन्या चट्ट्यांतही त्या सापडतात, फक्त अनेकदा पक्व न होता तशाच थांबलेल्या.