माशीच्या पाठीवरचा एक केस

पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी ही चिलटे प्रत्येक स्वयंपाकघराच्या ओळखीची आहेत. जीवशास्त्रात त्यांना ड्रोसोफिला म्हणतात. आंबा बागायतदारांना हैराण करणारी फळमाशी ती ही नव्हे. जेमतेम ३ मिलिमीटर लांबीच्या या माशीची पाठ सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की राठ केसांच्या ओळी दिसू लागतात. त्यांतला एकच केस आता आपण जवळून पाहू.

हा केस एका वाटोळ्या खोबणीतून वर आलेला आहे. त्याच्या मुळाशी, बाहेरून न दिसणारी एक चेतापेशी आहे आणि तिला लपेटणारी एक आवरणपेशी आहे. केस जरासा वाकला, तरी चेतापेशीला ते कळते. केस, खोबण, चेतापेशी आणि आवरण घडवणाऱ्या या चारही पेशी एकाच पूर्वज पेशीपासून जन्मतात आणि चौघींची जनुकेही तीच असतात.

कोषावस्था सुरू झाल्यावर साधारण १६ तासांनी ही पूर्वज पेशी विभागते. विभाजनाच्या ऐन वेळी नम्ब नावाचे प्रथिन माशीच्या डोक्याकडील बाजूला चंद्रकोरीसारखे गोळा होते, त्यामुळे ते दोन कन्यापेशींपैकी एकीच्याच वाट्याला येते. लिली जान आणि यू नंग जान या जीवशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने १९८९ मध्ये हे प्रथिन घडवणारे जनुक वर्णिले आणि १९९४ मध्ये ही एकतर्फी वाटणी दाखवून दिली. नम्ब म्हणजे बधिर, आणि हे नाव अगदी चपखल आहे: जनुक बिघडले, की चेतापेशीच्या जागीही खोबणी घडवणाऱ्या पेशी तयार होतात आणि स्पर्श जाणणारे कोणी उरत नाही.

नम्ब नेमके काय अडवते? दोन्ही कन्यापेशींच्या पटलावर, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावर, नॉच नावाचे संदेश स्वीकारणारे ग्राहक-प्रथिन असते. शेजारच्या पेशीच्या पटलावरील डेल्टा हे प्रथिन त्याला भिडले, की नॉचचा आतला तुकडा कापला जाऊन केंद्रकात पोचतो आणि पेशी केस व खोबणीच्या वाटेला लागते. नम्ब मिळालेली पेशी मात्र नॉचचा साथीदार असलेले प्रथिन सॅनपोडो याला पटलावर टिकू देत नाही. तो आत ओढला जातो, संदेश थांबतो आणि पुढे याच पेशीच्या वंशात चेतापेशी जन्माला येते.

पण प्रथिन आत ओढल्यावर ते पुन्हा पटलावर पाठवायचे की नाही, आणि पाठवायचे तर कोणत्या भागात, हेही ठरावे लागते. टपाल कार्यालयात पत्रे गावोगावच्या थैल्यांत पडतात, तशी पेशीत प्रथिने पुटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये, विभागली जातात, आणि एपी-१ हा प्रथिनसमूह त्या वर्गवारीत काम करतो. फ्रान्समधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की एपी-१ नसलेल्या पेशींमध्ये नॉच आणि सॅनपोडो दोन कन्यापेशींच्या सांध्यापाशी, पटलाच्या वरच्या बाजूला साचून राहतात. नम्ब जागच्या जागी असूनही संदेश सुरू होतो, कारण माल चुकीच्या दाराशी पोचलेला असतो.

सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर आता एपी-१ नसलेल्या पेशी असलेल्या अशाच एका माशीच्या पाठीचा तुकडा दिसतो आहे. जेथे केसाखाली चेतापेशी असायला हवी होती, तेथे काही ठिकाणी ती नाही. तिच्या जागी बाहेरच्या बाजूच्या पेशी जास्तीच्या तयार झाल्या आहेत.